खाऱ्या वाऱ्याची साक्ष

रत्नागिरीहून काळबादेवीमार्गे गणपतीपुळ्याकडे निघालं की आरे गावानंतर रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो आणि डाव्या हाताला एकदम समुद्र उघडा पडतो. मध्ये डोंगराचं टोक, त्याच्या एका अंगाला आरे गावची पुळण, दुसऱ्या अंगाला वारे गावची. इथे गाडी थांबवून खाली उतरत नाही असा प्रवासी विरळा. माणसं समुद्राकडे बघत असतात तेव्हा त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या गाडीचं काय होत असतं, ही गोष्ट जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

खाली लाट फुटते तेव्हा तिच्या फेसात हवेचे असंख्य बुडबुडे अडकलेले असतात. बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटला की पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब वर उडतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे प्रत्येक थेंब आपला वाटा घेऊनच निघतो. वाटेत त्यातलं पाणी बरंचसं उडून जातं आणि मिठाचा कण वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतो. शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना खारे वारे म्हणून शिकलो, ते अशा अर्थानेही खारे असतात. किनाऱ्यापासून आत जावं तसं हे मीठ झपाट्याने कमी होतं. पहिल्या काहीशे मीटरमध्येच त्याचा मोठा भाग झाडांवर, कौलांवर, गाड्यांवर बसून जातो. किनाऱ्यालगतच्या घरासमोर दहा वर्षं उभी राहिलेली गाडी आणि घाटमाथ्यावर दहा वर्षं चाललेली तीच गाडी कागदावर सारखी दिसेल. पत्र्यात ती सारखी नसते.

नुसतं मीठ पत्र्याला फारसं काही करत नाही, त्याला ओल लागते. ती ओल मीठ स्वतःच हवेतून खेचून घेतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास पोहोचली की साध्या मिठाचा कोरडा कण आपसूक विरघळून थेंब होतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेलाच पाझरू लागतं. रत्नागिरीच्या पावसाळ्याबद्दल बोलायलाच नको, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण भर मे महिन्यात, पावसाचा टिपूस नसतानाही, इथल्या गाडीच्या सांध्यात बसलेलं मीठ ओलसर राहू शकतं.

आता त्या एका थेंबाकडे बघू. यूलिक इव्हान्स या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक साधा प्रयोग केला. लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि गंज कुठे धरतो ते पाहिलं. थेंबाची कड हवेला लागून असते, तिथे प्राणवायू भरपूर. मग गंजही कडेलाच चढायला हवा, असं कुणालाही वाटेल. घडतं उलटं. झीज होते ती मध्यभागी, जिथे प्राणवायू सर्वांत कमी पोहोचतो. मध्यावरचं लोखंड विरघळून इलेक्ट्रॉन सोडतं, ते पत्र्यातून कडेकडे वाहतात आणि कडेवरचा प्राणवायू ते घेतो. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक असल्यामुळे हे मंडल पूर्ण होतं. थेंबाएवढ्या जागेत चक्क एक विद्युतघट चालू असतो आणि त्यात खर्ची पडतं ते गाडीचं लोखंड.

जुन्या गाडीचं अर्धं रहस्य या प्रयोगात आहे. गंज उघड्यावरच्या चकचकीत पत्र्यापेक्षा फटीत, दुमडीत, चिखलाच्या थराखाली, रबराच्या पट्टीमागे जोर धरतो, कारण ओल तिथे टिकते आणि प्राणवायू कमी असतो. आणि नेमक्या त्याच जागा गिऱ्हाइकाच्या नजरेतून सुटतात.

दुसरी नवलाची गोष्ट पावसाची. पाऊस उघड्या पत्र्यावर साचलेलं मीठ धुऊन नेतो. वाऱ्याला मोकळं पण पावसाला बंद अशा छपराखाली उभी गाडी मात्र मीठ जमवत राहते. म्हणून ‘गाडी कायम शेडमध्ये असायची’ हे वाक्य कोल्हापुरात निःशंक चांगलं, पण समुद्राला तोंड करून असलेल्या शेडबद्दल ते तितकं निःशंक नाही. शिवाय प्रत्येक गाडीला एक भाग असा असतो की जो जन्मभर छपराखालीच असतो, तो म्हणजे तिचं पोट.

यावर कारखान्यांकडेही उत्तर आहे. गाडीचा सांगाडा रंगाच्या मोठ्या हौदात अख्खा बुडवून त्यातून वीजप्रवाह सोडतात, म्हणजे पोकळ भागांच्या आतही अस्तराचा थर बसतो. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर ओरखडा गेल्यावर आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. पण कोणत्या मॉडेलला किती जस्त हे बदलत जातं आणि अपघातानंतर बाहेर ठोकून बसवलेल्या पत्र्याला ती मूळची आंघोळ पुन्हा घडत नाही.

म्हणून जाणता मेस्त्री गाडी बघायला आला की इंजिन सुरू करायला सांगण्याआधी खाली वाकतो. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दारांखालून जी पोकळ पट्टी जाते, तिच्या तळाची पाणी निघायची भोकं तो बोटाने चाचपतो. ती चिखलाने बुजलेली असतील तर आत पाणी साचलं आहे, हे तो न बघता सांगतो. दार उघडून त्याची खालची दुमड टॉर्चने बघतो. तिथे रंगाला फुगवटे आले असतील तर गंज आतून बाहेर आला आहे, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि रंगाला उचलून धरतो. डिकीतला गालिचा वर करून स्टेपनीचा खड्डा, पुढच्या सीटखालचे बोल्ट, बॉनेटची आतली कड, सगळं तो बघतो. सीटचे बोल्ट गंजलेले आणि गालिचा नवा कोरा, हे दोन्ही एकत्र दिसलं तर गाडीत पाणी शिरलं होतं का, हे विचारलंच पाहिजे. ब्रेकच्या चकतीवर एका रात्रीत धरलेली तांबूस झाक मात्र निरुपद्रवी. चार ब्रेक मारले की ती जाते.

खिशात लहानसं लोहचुंबक असलं तर आणखी बरं. गंजाने पडलेलं भोक लांबी भरून, घासून, वर रंग मारून झाकता येतं, पण लांबीला चुंबक धरत नाही. हल्ली रंगाची जाडी मोजणारं यंत्रही मिळतं. कारखान्यातून आलेला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा असतो. एखाद्या दारावर आकडा त्याच्या कितीतरी पट आला, तर त्या दाराला काही इतिहास आहे.

हे सगळं एवढ्यासाठी, की विकणाऱ्याला गाडी माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते. ही साधी गोष्ट अर्थशास्त्रात केवढी मोठी ठरली! जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. 2001 मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा असा: चांगली कोणती आणि खराब कोणती हे कळत नसेल, तर गिऱ्हाईक सरासरी किंमतच देऊ करतं. त्या किमतीत चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरलेल्यांत खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं, किंमत आणखी पडते, आणि शेवटी बाजारच बसू शकतो. याच निबंधात भारतही आहे. इथल्या बाजारातल्या तांदळात खडे मिसळलेले असू शकतात म्हणून गृहिणीला तो पारखून घ्यावा लागतो, हे उदाहरण त्यांनी दिलं आहे.

पत्र्याच्या जोडीला कागदही साक्ष देतो. चॅसीवर ठोकलेला 17 अक्षर-अंकांचा क्रमांक आरसीशी ताडून बघावा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. सुरुवातीला एमएटी असेल तर गाडी टाटांची, एमए3 असेल तर मारुतीची. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा उतरवलेला हवा. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ‘नंतर बघू’ म्हणणं विकणाऱ्याला महागात पडतं. नाव न बदलता हातोहात विकत गेलेल्या एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं, की नोंदीत ज्याचं नाव, तोच भरपाईला जबाबदार.

एमएच-08 पासिंगची गाडी म्हटल्यावर घाटावरचं गिऱ्हाईक ‘कोकणातली आहे, गंजलेली असणार’ म्हणून किंमत पाडायला बघतं, तेव्हा अकरलॉफ यांनी दाखवलेला सापळाच तिथे लागत असतो. किनाऱ्यावरून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुणारा, भोकं मोकळी ठेवणारा, वेळेवर अंडरकोटिंग करून घेणारा मालक त्यात नाहक भरडला जातो. त्याने सर्व्हिसची बिलं जपावीत आणि गाडी आपण होऊन लिफ्टवर चढवून दाखवावी. घेणाऱ्याने अर्धा तास काढून खाली वाकून बघावं. मीठ कुणाची बाजू घेत नाही. गाडी जपली असेल तर तेही पत्र्यावर दिसतं, आणि ते बघून योग्य किंमत देणाऱ्या गिऱ्हाइकामुळेच चांगली गाडी बाजारात टिकते.