पोर मटण खात नाही, मग ताटात काय वाढायचं?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बचत गटांच्या सगळ्या तायांना, वहिनींना आणि चुलीपाशी बसून रेडिओ ऐकणाऱ्या आज्यांना रामराम. आज्यांना मुद्दाम हाक मारते, कारण आजचा विषय त्यांच्याशिवाय सुटायचा नाही.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी पोलादपूरकडच्या एका वाडीत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बायका उठल्या. एकटी मैत्रीण मागे राहिली. तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मटण किंवा कोंबडी दिली की तुकडा गालात धरून बसतो आणि शेवटी थुंकतो. मुंबईचे पाहुणे आले होते त्या रविवारी आजीने सगळ्यांसमोर त्याचं नाक दाबून तुकडा भरवला. पोर ओकलं. तेव्हापासून तांबडी आमटी दिसली तरी तो ताटावरून उठतो. सासूबाई म्हणतात, "वशाट खाल्ल्याशिवाय रक्त कसं भरेल? तूच लाडावून ठेवलंस." अंगणवाडीच्या वजनकार्डावर त्याचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून खाली घसरत पिवळ्याच्या कडेला आलेला. ती मला विचारत होती, "ताई, माझंच चुकतंय का?"

तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते, थोडं सविस्तर.

आधी हिशेब करू, आपल्या गटाला हिशेबाची सवय आहेच. आपल्याकडे मटण किंवा कोंबडी बहुतेक घरांत आठवड्यातून एकदा, तीही पैसे असले तर. साडेतीन वर्षांचं पोर फार तर दोन बारके तुकडे खाईल, म्हणजे तीसेक ग्रॅम. त्यातून त्याला सहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि लोह, म्हणजे रक्तवाढीला लागणारा घटक, अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. आता गरज बघा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज साधारण ११-१२ ग्रॅम प्रथिनं लागतात, चार ते सहा वर्षांच्या मुलाला १६ ग्रॅमच्या आसपास. लोह लागतं रोज ८ ते ११ मिलिग्रॅम. मटणातलं लोह शरीर चटकन घेतं, डाळी-भाज्यांतलं तितकं घेत नाही, हे खरं आहे. आजीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण रविवारच्या दोन तुकड्यांवर सोमवार ते शनिवार निघत नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची शंभरातली जवळजवळ ६९ मुलं रक्तक्षयी निघाली. ही सगळी काही शाकाहारी घरांतली नाहीत. घोळ उरलेल्या सहा दिवसांच्या ताटात आहे.

आणि माळकऱ्यांची घरं विसरू नका. आपल्या पोलादपुरात एकाच घरात सासरे माळकरी आणि दीर कोंबडीचे शौकीन, असं सर्रास दिसतं. माळ घातलेली माणसं डोंगर चढतात, नांगर धरतात, पंढरीला पायी जातात. तुमचं पोर मटण खात नसेल तर काही जगावेगळं घडलेलं नाही.

पोरं मटण का नाकारतात? बहुतेक वेळा दातांमुळे. पहिल्या दाढा सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास येतात, मागच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांपर्यंत. त्या आल्या तरी त्यांनी चावायला शिकायला वेळ लागतो. मटणाचे दोरे तोंडात फिरत राहतात, बारीक होत नाहीत, गिळायची भीती वाटते. म्हणून पोर तुकडा गालात ठेवतं. तो हट्ट नसतो. उलट न चावलेला तुकडा त्याने गिळला असता तर घशात अडकला असता. दुसरं कारण आपला मसाला. मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारा रस्सा आपण अडीच वर्षांच्या जिभेवर ठेवतो आणि तोंड वाकडं केलं की म्हणतो, "मटण आवडत नाही."

तिसरं कारण आपण कधी बोलत नाही. खेड्यातल्या पोराची कोंबडीशी ओळख असते. तोच तिला दाणे टाकतो, खुराड्याचं दार लावतो, अंडं सापडलं की ओरडत येतो. एका दिवशी ती कोंबडी दिसत नाही आणि संध्याकाळी टोपात रस्सा असतो. चार-पाच वर्षांच्या पोराला हे कळतं. आमच्या एका गटातल्या वहिनींची मुलगी तर सरळ म्हणाली, "ही माझी तांबडी आहे, मी नाही खाणार." घरचे हसले. मला नाही हसू आलं. अशा मुलाला चिडवू नका आणि भरवूही नका. मोठं झाल्यावर खायचं तर खाईल, नाही तर नाही.

शिवाय दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलं अनोळखी पदार्थाला आधी नाहीच म्हणतात. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आला की मग चाखतात. समोर येणं म्हणजे ताटात बोटभर असणं. तोंडात कोंबणं नव्हे. कोंबलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, असं समजा.

भूक कमी झाली म्हणून घाबरणाऱ्या आयांसाठी आणखी एक हिशेब. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जातं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावते, भूकही मंदावते. आपण मात्र ताट भरून वाढतो आणि संपलं नाही की रागावतो.

अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस नावाच्या बाईंनी १९२० च्या दशकात एक प्रयोग सुरू केला. नुकतंच दूध सुटलेल्या लहान मुलांसमोर तीस-पस्तीस साधे पदार्थ ठेवायचे, फळं, भाज्या, धान्यं, दूध, अंडी, मांस, मासे, आणि मुलाने बोट दाखवलं तेच द्यायचं. भरवणारीने आग्रह करायचा नाही. मुलांनी विचित्र जेवणं केली, कधी नुसतं एकच काहीतरी पोटभर खाल्लं, पण महिन्यांचा हिशेब केला तर ती छान वाढली. हे वाचून मी खूश झाले होते. मग लक्षात आलं, त्या मुलांसमोर बिस्किटाचा पुडा नव्हता. चहा नव्हता. वेफर्सची दहा रुपयांची पिशवी नव्हती. काय खायचं हे मुलांनी ठरवलं, पण समोर काय असेल हे मोठ्यांनी ठरवलं होतं.

आपल्याकडे गाडी इथेच अडते. त्या मैत्रिणीला मी विचारलं, पोर सकाळपासून काय काय खातं ते सांग. सकाळी चहा-बिस्किट. दहाला दुकानातला पुडा. दुपारी चार घास भात आणि पातळ आमटी. चारला पुन्हा चहा. असं पोर रात्री जेवेल कसं? चहा भूक मारतो आणि जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला चहा नकोच, बशीभरसुद्धा नको. दूध द्या, पण दिवसभर दुधावरही ठेवू नका. दुधात प्रथिनं आहेत, लोह जवळजवळ नाही. दोन कप पुष्कळ.

आता ताटात काय वाढायचं. पहिला मान कुळथाला. आपल्या वरकस जमिनीत होणारा, घरोघरी डब्यात असलेला कुळीथ. शंभर ग्रॅम कुळथात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, लोहही चांगलं. पण आपली पिठी कशी असते? पाहुणा वाढला की पाणी वाढतं. पोराचं पोट त्याच्या मुठीएवढं, ते पाण्याने भरतं आणि तासाभरात पुन्हा रिकामं होतं. लहान मुलासाठी पिठी वेगळी काढा, दोन चमचे पीठ आणि वाटीभर पाणी, लसूण-जिऱ्याची फोडणी, मिरची नाही, आणि चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट. मऊ भातात कालवून वर चमचाभर तूप किंवा तेल. उतरवल्यावर लिंबू पिळा. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह जास्त अंगी लागतं. पिठी लोखंडी कढईत केलीत तर आणखी चांगलं.

वाल, चवळी, मूग, मटकी मोड आणून घ्या. मोड आले की पचायला हलके होतात आणि त्यांतलं लोहही मोकळं होतं. वालाचं बिरडं सोलून, मऊ शिजवून, बोटांनी दाबलं की चिरडेल इतकं करा. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाण्याचा बारीक कूट चालतो.

मग अंडं. मटण न खाणारी बरीच मुलं अंडं खातात. थंडीत पोपटी लावतो तेव्हा बघा, मडकं उघडलं की कोंबडीकडे न बघणारी पोरं वालाच्या शेंगा आणि अंडी वेचत असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, शिवाय बी-१२ जीवनसत्त्व, जे डाळी-भाज्यांत मिळत नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक कोरडा असतो, घशाला चिकटतो. तो भातात तुपाबरोबर कुस्करा. किंवा घावनाच्या पिठात अंडं फेटून घावन काढा. माळकरी घरात अंडं चालत नसेल तर बी-१२ साठी दूध-दही रोज हवंच. पाणीदार ताक त्यात धरू नका.

सुकट चालत असेल तर ती मोठी ठेव आहे. पावसाळ्याआधी आपण भरून ठेवतोच. जवळा निवडायचा, रेती जाईपर्यंत धुवायचा, कडक वाळवून तव्यावर भाजायचा आणि भुकटी करायची. चिमूटभर भातावर किंवा भाकरीच्या पिठात. पहिल्यांदा अगदी थोडी द्या आणि दोन दिवस थांबा, एखाद्या मुलाच्या अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात. तसं झालं तर बंद करा. ओले मासे द्यायचे तर काटा स्वतःच्या बोटांनी शोधून काढा, दिव्याच्या उजेडात नको.

पण पोराला फसवून भरवू नका. एका ताईने भाकरीत खिमा दडवला. पोराला दाताखाली लागला आणि पुढे पंधरा दिवस तो भाकरी उघडून बघायचा. भुकटी घातली असेल तर विचारल्यावर सांगा, घातली आहे.

नाचणीचं मी वेगळं काय सांगू? शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. आपल्या गटांतल्या बायका नाचणीचे पापड आणि सत्त्व मुंबईला पाठवतात आणि आलेल्या पैशातून पोराला मैद्याचं बिस्किट आणतात. माझ्या घरीही हेच चालायचं, म्हणून बोलते. चारच्या चहाच्या जागी गूळ घातलेली नाचणीची आंबील किंवा भाकरीचा तुकडा आणि दही ठेवून बघा.

बेरीज करा: वाटीभर घट्ट पिठीचे पाच ग्रॅम, अंड्याचे सहा, कपभर दुधाचे पाच, वर भात-भाकरीचे चार-पाच. वीस ग्रॅमच्या आसपास झाले. मटण कुठेही आलं नाही. लोह मात्र नुसत्या जेवणातून पुरं पडेलच असं नाही. म्हणून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध आहे, एक मिलिलिटर, आशाताईंकडे मिळतं. बाटली फळीवर ठेवून विसरू नका. वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, तीही चुकवू नका. जंत असतील तर खाल्लेलं त्यांच्याच पोटात जातं.

आणि काही वेळा थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. दोन-तीन महिने वजन वाढत नाही. तळवे, पापण्यांच्या आतली बाजू पांढरट दिसते. पोर माती, खडू, भिंतीचा पोपडा खातं. प्रत्येक घट्ट घासाला ठसका लागतो. किंवा पाच-सहा पदार्थांपलीकडे कशालाच हात लावत नाही. अंगणवाडीत दंडघेराची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटीमीटरच्या खाली गेला तर लक्ष द्यायला हवं, साडेअकराच्या खाली गेला तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. तिथे "बघू पुढच्या महिन्यात" चालत नाही.

आता आज्यांनो, तुमच्याशी. तुम्ही पोराच्या काळजीनेच भरवता, हे मला माहीत आहे. मला माझ्या आजीने तसंच वाढवलं. फक्त एवढं करा. जेवायला त्याला तुमच्या शेजारी बसवा, तुम्ही काय खाता ते त्याला दिसू दे, आणि त्याने पुरे म्हटलं की ताट उचला. सुनेला बोल लावू नका. रडत भरवलेला घास दोघांच्याही अंगी लागत नाही.

त्या वाडीत मी मागच्या आठवड्यात पुन्हा गेले होते. चहा बंद झालाय, दुकानातला पुडा रोजचा नाही, बाजाराच्या दिवशीच येतो. पोर कोंबडी अजून खात नाही. वालाचं बिरडं मात्र वेचून वेचून खातं, आणि पिठी आजी स्वतः ढवळते, घट्ट झाली का म्हणून सुनेला चमचा उलटा करून दाखवते. कार्डावरचा ठिपका दोनशे ग्रॅमने वर गेलाय. अजून पिवळ्याच्या कडेलाच आहे. पुढच्या वजनाला बघू. तुम्हीही पुढच्या बैठकीला येताना मुलांची कार्डं घेऊन या, हप्त्याच्या वहीबरोबर तीही उघडू.