शांतिनिकेतनची सावली

शांतिनिकेतन म्हटलें कीं झाडांखालीं भरलेले वर्ग डोळ्यांसमोर येतात. ही सावली मात्र तेथें आपोआप आलेली नाहीं. बीरभूम जिल्ह्यांतील ती जमीन तांबड्या जांभ्या मातीची. पावसानें धुपून तिच्यांत घळी पडतात. महर्षि देवेंद्रनाथ ठाकुरांनीं १८६३ सालीं तेथें वीस बिघे जमीन घेतली, ती त्या उजाड माळावरील दोन छातीम वृक्षांच्या ओढीनें, असें सांगतात. छातीम म्हणजे आपल्याकडील सातवीण. पुढें तेथें आंबराई वाढली, सालवृक्षांची वाट झाली, आणि १९०१ सालीं रवींद्रनाथांनीं शाळा काढली.

झाडांखालीं बसणाऱ्या मुलांनीं त्या आवाराची निगाहि राखावी, हा विचार जोरानें पुढें आला तो १९१५ च्या मार्चमध्यें. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनामुळें पुण्यास गेलेले गांधीजी तेव्हां शांतिनिकेतनांत परतले होते. काकासाहेब कालेलकरहि तेथेंच होते. स्वयंपाकी व नोकर यांवांचून सर्व कामें विद्यार्थ्यांनीं व शिक्षकांनीं करावीं, ही गांधीजींची सूचना रवींद्रनाथांनीं मान्य केली. कोणी भाजी चिरूं लागले, तर कोणी कुदळ घेऊन स्वयंपाकघराभोंवतालची जागा साफ करूं लागले. मोठीं भांडीं घासणाऱ्यांना कंटाळा येऊं नये म्हणून दुसरे विद्यार्थी त्यांच्यासमोर सतार वाजवीत! तथापि सव्वाशें मुलांना हें रोजचें श्रम एकदम कसे रुचावे? कांहीं लवकरच थकले, वादविवाद झाले, आणि थोड्याच काळांत प्रयोग थांबला. उरला तो एक दिवस. १० मार्चला तेथें आजहि ‘गांधी पुण्याह’ पाळतात; त्या दिवशीं नोकरांना सुटी, आणि झाडलोट विद्यार्थी-शिक्षकांकडे.

१९२८ च्या पावसाळ्यांत रवींद्रनाथांनीं वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. सजविलेल्या पालखींतून रोप मिरवीत नेतात. मुलें गातात, नाचतात. ज्या रोपाला पालखींतून आणलें, त्याच्याकडे मुलाचें लक्ष पुढेंहि जातें. नुसत्या सूचनाफलकानें तें होत नाहीं. हा उत्सवाचा खरा उपयोग.

पण रोपाचें भवितव्य उत्सवाच्या दिवशीं ठरत नाहीं. श्रावणांत लावलेल्या रोपाला पाऊस पाजतो. कसोटी लागते चैत्र-वैशाखांत. जांभ्या जमिनींत पाणी फार काळ टिकत नाहीं. म्हणून खड्डा रुंद हवा, त्यांत शेणखत व गाळाची माती हवी, आळ्यावर पालापाचोळ्याचें आच्छादन हवें, आणि गुरांपासून रक्षणाला कांट्यांचें कुंपण हवें. हीं कामें विद्यार्थ्यांना सहज जमतात, आणि तीं करतांनाच पहिली पालवी केव्हां फुटली, कोणत्या पानावर कीड पडली, हें त्यांना दिसूं लागतें.

अडचण येते ती उन्हाळ्याच्या सुटींत. रोपें लावणारे विद्यार्थी नेमके त्याच वेळीं गांवीं जातात आणि सारा भार एकट्या माळ्यावर पडतो. यासाठीं शाळा-कॉलेजांनीं रोपें लावण्यापूर्वींच जवळपास राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाळ्या मृगापर्यंत लावून ठेवाव्या, आणि जितक्या पाळ्या भरतील तितकींच रोपें लावावीं.