एककचिन्हांचे लेखनसंकेत
एककचिन्हांचे लेखनसंकेत : शास्त्रीय लेखनात मापनाची एकके व त्यांची चिन्हे लिहिण्याचे नियम. आंतरराष्ट्रीय पद्धतीत शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेल्या एककाचे नाव इंग्रजीत लहान अक्षराने, तर त्याचे चिन्ह मोठ्या अक्षराने सुरू होते. हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांच्यावरून आलेले कंप्रतेचे ‘हर्ट्‌झ’ हे एकक असेच लिहितात. ‘मीटर’ व्यक्तिनाम नसल्याने त्याचे चिन्ह लहानच राहते.

उपसर्गांत हा भेद निर्णायक ठरतो. लहान ‘एम’ म्हणजे मिलि (सहस्रांश), मोठा ‘एम’ म्हणजे मेगा (दशलक्ष). खोडद (ता. जुन्नर, जि. पुणे) येथील रेडिओ दूरदर्शकात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या मीटरतरंग टिपतात. १५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी २ मी. असते, ‘एम’ लहान पडल्यास कंप्रता एक अब्जांश होऊन तरंगलांबी २० लाख किमी. ठरेल.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. तेथे हे काम मात्रा व वेलांट्या करतात : ‘मिमी.’ यातील ऱ्हस्व ‘मि’ मिलिचा, दीर्घ ‘मी’ मीटरचा. तर सुटा ‘मि.’ मिनिटाचा. म्हणून मराठीत ऱ्हस्व-दीर्घ कसोशीने पाळावे आणि ‘मिलि’, ‘मेगा’ हे उपसर्ग, संदेह संभवल्यास, पूर्ण लिहावेत.