पाटीआधीं विचार

जून महिना जवळ आला कीं आमच्या शहरांतील सुशिक्षित घरांत एक विचित्र घाई सुरू होते. तीन वर्षांच्या ज्या मुलाच्या बोटांस घास नीट धरण्याचें बळ अजून आलेलें नाहीं, त्याच्या हातीं पेन्सिल देऊन मुळाक्षरें गिरवून घेतलीं जातात. आणि पाहुण्यांपुढें त्यानें एक ते शंभर आंकडे घडाघड म्हणून दाखविले म्हणजे आईबापांस धन्यता वाटते. हें कौतुक स्वाभाविक असलें तरी त्यानें मुलाचें हित साधतें काय, याचा विचार अवश्य झाला पाहिजे.

शंभरपर्यंत आंकडे म्हणणाऱ्या चार वर्षांच्या बालकापुढें वाचकांनीं एक प्रयोग करून पाहावा. पांच सुपाऱ्यांची एक ओळ मांडावी व तिच्याखालीं तितक्याच सुपाऱ्यांची दुसरी ओळ मांडावी. दोन्ही सारख्या आहेत, असें मूल कबूल करील. मग त्याच्या देखत खालची ओळ पसरून लांब करावी. या वयाचीं पुष्कळ मुलें आतां खालच्या सुपाऱ्या जास्त झाल्या, असें निःशंकपणें सांगतात. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानें असल्या प्रयोगांनीं बालबुद्धीचा क्रम उलगडून दाखविला. यांत मुलाचा मंदपणा नाहीं. आंकडा तोंडीं येणें निराळें आणि संख्या मनांत उमजणें निराळें, इतकाच याचा अर्थ. व्यापारी वर्गास हें समजावून सांगावयास नको. वही सुवाच्य अक्षरांत लिहिली, पण गल्ल्यांतील शिल्लक तिच्याशीं जुळली नाहीं, तर त्या वहीची किंमत ती काय?

ही समज वस्तु हाताळल्यानें वाढते, धाक दाखवून वाढत नाहीं. १९०७ सालीं रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत मारिया माँटेसरी यांनीं आपलें बालगृह उघडलें. तेथें मुलें लहानमोठे ठोकळे क्रमानें लावीत आणि खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत त्यांचा उच्चार करीत. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें; पुढें ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या व १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु हें साहित्य महाग, गरिबांच्या मुलांनीं काय करावें? या प्रश्नाचें उत्तर ताराबाईंनीं अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें १९४५ पासून तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें दिलें. शिंपले, खडे, बिया, पानें हेंच तेथील साहित्य; आणि मुलें बालवाडींत येत नाहींत तर बालवाडीच त्यांच्या अंगणांत न्यावी, ही त्यांची युक्ति. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें अंगणवाडी हें नांव देशभर पोंचविलें.

मग घरांत काय करावें? डाळीत मिसळलेले वाटाणे व चवळी मुलाकडून वेगळी करवावी. डबे आधीं उंचीप्रमाणें, मग झांकणांच्या रंगाप्रमाणें लावून घ्यावे, आणि प्रत्येक वेळीं ‘असें कां लावलेंस?’ म्हणून विचारावें. हें ‘कां’ म्हणजेच तर्कशक्तीचा श्रीगणेशा होय. गोष्ट सांगतांना मध्येंच थांबून पुढें काय झालें असेल, तें मुलासच सांगूं द्यावें. कमळ, कणीस, करवत या शब्दांचा आरंभ एकाच ध्वनीनें होतो, हें कानाला आधीं कळलें पाहिजे. मग ‘क’ हें अक्षर डोळ्यांस ओळखीचें वाटतें. आमची वर्णमाला उच्चारस्थानांच्या क्रमानें रचलेली आहे व तो क्रम मोठा शास्त्रशुद्ध आहे. परंतु वाचनाचा आरंभ त्याच क्रमानें झाला पाहिजे, असें मुळींच नाहीं. ग, म, न, र हीं चारच अक्षरें घ्या. त्यांतून गरम, नरम, मगर, नगर असे अर्थपूर्ण शब्द तयार होतात. पहिल्या आठवड्यांत शब्द वाचतां आलेलें मूल पुस्तकाकडे आपण होऊन धांवतें.

‘असें केलें तर आमचें मूल मागें पडेल, शाळेंत प्रवेश मिळणार नाहीं,’ ही आईबापांची भीति आम्ही जाणतों. पण २००९ च्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याच्या तेराव्या कलमानें प्रवेशासाठीं बालकाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ वर्षें हा एकच पायाभूत टप्पा मानून खेळांतून शिक्षण हें तत्त्व स्वीकारलें आहे. कायदा व धोरण पुढें गेलें असतां मागें राहिलें आहे तें आमचें मनच.

म्हणून पालकांनीं बालवाडी निवडतांना ‘येथें किती अक्षरें लिहून घेतां?’ असें न विचारतां ‘येथें मुलांस रोज गोष्ट सांगतां काय, आणि त्यांस प्रश्न विचारूं देतां काय?’ असें विचारावें. आणि दानशूर व्यापाऱ्यांस आमची एक विनंती आहे. मंगलकार्याच्या वेळीं जो दानधर्म होतो, त्यांतील थोडा भाग आपल्या पेठेजवळच्या अंगणवाडीस चित्रांचीं पुस्तकें व लांकडी ठोकळे देण्यांत खर्च करावा. ज्या मुलाच्या घरीं एकही पुस्तक नाहीं, त्यास तीच पहिली पेटी होय. आणि आज त्याला मिळालेली ही संधि उद्यां चौथींत बसल्यावर आम्हीं कितीहि खर्च केला तरी तशीच परत देतां येणार नाहीं.