आजोबांच्या सायकलीला नवी चाके

बीडच्या जुन्या व्यापारी घरात निजामकाळातील रॅले किंवा हर्क्युलिस सायकल असेल, तर केवळ गंजलेल्या चाकांपायी ती भंगारात देऊ नये. त्याच घडणीच्या सायकली भारतात पुढेही बनत राहिल्याने २८ × १½ इंची रिम व टायर माफक दरात मिळतात. मात्र नुसते ‘२८ इंची’ म्हणून घेऊ नये; टायरवर ६३५ हा अंक पाहावा, ६२२चा टायर बसत नाही. दांड्यांचे ब्रेक रिमला आतल्या बाजूने दाबतात. म्हणून रिमही त्याच घडणीची हवी. इंग्लिश सायकलीस बहुधा पुढे ३२, मागे ४० आरे असतात. हबची छिद्रे मोजूनच रिम घ्यावी. मूळ हब जपावेत आणि चाकांचा आउट जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावा. थोडक्या खर्चात घराण्याची एक आठवण पुन्हा रस्त्यावर धावू लागते.