श्वानखाऊ (घटकांची गुणवत्ता)

श्वानखाऊ म्हणजे मुख्य आहाराव्यतिरिक्त कुत्र्याला बक्षीस म्हणून किंवा चघळण्यासाठी दिली जाणारी बिस्किटे, सुके मांस, चामड्याची हाडे इत्यादी. कारवान कुत्र्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यात ज्वारीची भाकरी हा कुत्र्यांचा रूढ आहार. पाकिटबंद खाऊ त्या मानाने नवा आहे. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ११९६८ हे मानक कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासंबंधी आहे.

स्वस्त खाऊची पारख प्रामुख्याने घटकसूचीवरून होते. घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, परंतु हे वजन मिसळतेवेळचे असते. ताज्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी असल्याने सूचीत पहिले असलेले ‘कोंबडीचे मांस’ भाजल्यावर गव्हाच्या पिठापेक्षा कमी उरू शकते. वेष्टनावरील कोंबडीचे चित्र हा तर पुरावाच नव्हे. ‘प्राणिज उपपदार्थ’ निकृष्टच असतात असे नाही. यकृत व हृदय पौष्टिक असतात. संशयाचे कारण प्राण्याचे नाव न देणे हे होय.

प्रथिनांचा आकडाही फसवू शकतो. २००७ मध्ये अमेरिकेत चीनमधून आयात केलेल्या, गव्हाचे ग्लुटेन म्हणून विकलेल्या मालात मेलामाइन आढळले. नायट्रोजनवरून प्रथिने मोजणाऱ्या चाचणीत त्यामुळे प्रमाण अधिक दिसते. अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली.

झायलिटॉल, कांदा, लसूण किंवा मनुका असलेला खाऊ कोणत्याही किमतीचा असला तरी कुत्र्यांना घातक ठरू शकतो.