सांगायला कशाला हवं?

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारचा सव्वा वाजला होता. दवाखाना बंद करून जेवायला निघणार, तोच रिक्षातून एका गृहस्थांना आणलं. वय ७१, माझे जुने रुग्ण. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. सदरा घामानं चिंब, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. सूनबाई रडकुंडीला आलेल्या. "डॉक्टर, अण्णा तासाभरापासून रागावलेत. नातवावर ओरडले, पेपर भिरकावला. म्हटलं राग शांत होऊ दे, म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही."

बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली. ४२ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत अण्णांनी डोळे नीट उघडले आणि "मी इथं कसा?" म्हणून विचारलं.

वाचकहो, तो राग नव्हताच. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. गोळी पोटात गेली आणि मागोमाग अन्न गेलं नाही, तर रक्तातली साखर घसरत जाते. ७० च्या खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं : घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक. मेंदूचं इंधन म्हणजे मुख्यत्वे साखरच. ती कमी पडली की माणूस चिडचिडा होतो, भलतंच बोलतो, पुढं बेशुद्धही पडतो. शांत माणूस एकाएकी खेकसायला लागला तर त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी कपाळावर हात लावून घाम पाहावा.

पण गोळी घेऊन दोन तास अण्णा उपाशी का राहिले? घरात अन्न शिजलेलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांना दवाखान्यातच ठेवलं, कारण या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. त्या वेळात दोघांशी वेगवेगळं बोललो.

अण्णांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी वारल्या. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि अकराला थेट जेवण, हा अण्णांचा नेम. त्या होत्या तोवर अकराच्या ठोक्याला ताट पुढं यायचं. जन्मात त्यांनी कधी "वाढ" म्हटलं नाही. "आता या वयात मागून जेवायचं का डॉक्टर? घरच्यांना कळायला नको?" ते अकराला गोळी घेऊन ताटाची वाट पाहत बसायचे. ताट कधी सव्वाअकराला यायचं, कधी बाराला. त्या दिवशी आलंच नाही.

सूनबाईंचं म्हणणं दुसरंच. त्यांच्या माहेरी वडीलधारी माणसं भूक लागली की हाक मारतात, त्याआधी ताट मांडणं म्हणजे जेवा आणि मोकळं करा, असं सांगितल्यासारखं. "अण्णा हाक मारतील म्हणून मी भाकरीचा तवा गरम ठेवून बसले होते." एक ताटाची वाट पाहतोय, दुसरी हाकेची. दोघंही एकमेकांचा मान राखत होते बरं का!

आणि तिसरा मी. "गोळी जेवणाआधी घ्या" एवढं सांगून मी मोकळा झालो होतो. घरात जेवण किती वाजता होतं, कोण वाढतं, हे विचारलं नाही. बाकीचं त्यांना कळेल, असं मीही धरून चाललो.

न सांगता ओळखलं तरच ती माया, सांगून केलं तर तो उपकार, अशी आपल्याकडे समजूत आहे. निरोगी माणसांच्या घरात तिच्यापायी फार तर रुसवे-फुगवे होतात. घरात मधुमेह असला की तीच जिवाशी येते. म्हणून स्पष्ट बोलावं आणि वेळेसकट बोलावं. "माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही" ही तक्रार झाली, तिचं उत्तर भांडणच. "मला गोळीमुळं अकराला जेवण लागतं, उशीर होणार असेल तर आधी सांग" ही माहिती झाली. वाढणाऱ्यानंही "गोळी घेतली का?" हे विचारायला संकोचू नये. उपवास करायचा असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, मनानं गोळी बंद करू नका.

साखर उतरल्याची शंका आली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावं, आणि सावरल्यावर जेवू घालावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंबही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना गाठावा. घरी बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवावं, गोळीचा डोस बदलावा लागू शकतो. अण्णांचा मी कमी केला.

आता त्यांच्या घरी क्रम उलटा केलाय. आधी ताट समोर, मग गोळी, लगेच पहिला घास. गोळ्यांची डबी सूनबाई ताटाबरोबरच आणतात. परवा अण्णा तपासायला आले होते, साखर ठीक होती. निघताना हळूच म्हणाले, "भाजी जरा तिखट होते हो हल्ली. तुम्हीच सांगा ना तिला."